डिस्क बल्ज: कंबरेत किती आणे, पायात किती आणे?

तुम्ही लिहिलंय ते आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला नीट कळलंय की नाही ते तुम्हाला बघता येईल. वय ४१. हार्डवेअरचं दुकान, दिवसभर उभं राहणं, अधूनमधून सिमेंटची गोणी नाहीतर रंगाचा डबा उचलणं. दहा महिन्यांपूर्वी वाकताना कंबरेत चमक भरली. ती गेली, पण ठणका मागे राहिला आणि डाव्या कुल्ल्यातून पोटरीपर्यंत कळ जायला लागली. एमआरआयमध्ये 'एल४-एल५ डिफ्यूज डिस्क बल्ज, थेकल सॅकवर दाब' असं आलं, म्हणजे कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी सगळीकडून फुगलेली आणि नसा असलेल्या पिशवीवर टेकलेली. एका डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, दुसऱ्यांनी सहा महिने पट्टा आणि गोळ्या. पंधरा दिवस ट्रॅक्शन (वजन लावून कंबर ताणणं) आणि शेक झाला. आता मेव्हणे एका मणका बसवणाऱ्याकडे न्यायचं म्हणताहेत. यातलं काय करू आणि गादी परत जागेवर बसेल का, हा तुमचा प्रश्न.

शेवटचं उत्तर आधी देतो, कारण सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. गादी बहुधा परत बसणार नाही, आणि बरं वाटायला ती बसावी लागत नाही.

मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे, गेली चोवीस वर्षं ओपीडी आणि मणक्याची ऑपरेशनं दोन्ही करतोय. पेशंट खुर्चीत बसायच्या आधी सोबतचा नातेवाईक एमआरआयची फिल्म खिडकीच्या उजेडात धरतो आणि विचारतो, "डॉक्टर, गॅप केवढा आहे?" हा 'गॅप' शब्द कुठून आला देव जाणे, पण घराघरांत जाऊन बसलाय. गॅप नसतो. दोन मणक्यांमधली चकती, म्हणजे आपली गादी, वरच्या आणि खालच्या हाडाला घट्ट चिकटलेली असते. बाहेरून चिवट तंतूंचे थर, आत मऊ गर. वय वाढतं तसं गरातलं पाणी कमी होतं, उंची जरा उतरते आणि कडा सगळीकडून थोडी बाहेर येते, हवा कमी झालेल्या टायरसारखी. याला बल्ज म्हणतात. कडेला चीर पडून आतला गरच बाहेर येतो तो प्रकार वेगळा, त्याला प्रोट्रूजन किंवा एक्स्ट्रूजन म्हणतात. रिपोर्ट वाचताना या दोन्हींची सर्रास गल्लत होते, आणि पेशंटच नव्हे, आमच्यातलेही करतात.

१९९४ साली अमेरिकेत ९८ जणांचे एमआरआय काढले, आणि यातल्या कुणाचीही कंबर दुखत नव्हती. तरी ५२ टक्के लोकांच्या निदान एका चकतीला बल्ज निघाला. सगळ्या चकत्या धडधाकट असलेले फक्त ३६ टक्के. पुढे २०१५ मध्ये अशा ३३ अभ्यासांचे आकडे एकत्र केले गेले: काही दुखत नसलेल्या विशीतल्या ३० टक्के लोकांना बल्ज, चाळिशीतल्या ५० टक्के, ऐंशीच्या घरात ८४ टक्के. म्हणजे तुमच्या दुकानात रांगेत उभ्या असलेल्या चाळिशीतल्या दहा गिऱ्हाइकांना मशीनमध्ये घातलं, तर पाच जणांच्या रिपोर्टवर तुमच्यासारखीच ओळ छापून येईल. याचा अर्थ तुमचं दुखणं खोटं, असा अजिबात नाही. रिपोर्टमधली ती ओळ दुखण्याचं कारण असेलच असं नाही, एवढाच.

आणखी एक गोष्ट ऐकून पेशंट चक्रावतात. गर तुटून सुटा पडलेला मोठा तुकडा शरीर बऱ्याचदा स्वतःच खाऊन टाकतं. एका आढाव्यात अशा तुकड्यांपैकी ९६ टक्के आकसलेले दिसले, तर नुसत्या बल्जपैकी १३ टक्केच. फिल्मवर भयानक दिसणारं विरघळतं आणि किरकोळ दिसणारं तसंच राहतं. तरी बल्जवाल्यांचं दुखणं जातं. म्हणून बरं वाटत असताना 'गादी बसली का' हे बघायला दुसरा एमआरआय काढू नका. तो पहिल्यासारखाच येईल आणि तुमची झोप उडेल.

आता माझा प्रश्न, आणि खरं तर सगळे उपचार यावरच ठरतात. सोळा आणे दुखणं धरलं, तर त्यातलं कंबरेत किती आणे आणि पायात किती? घाईत उत्तर देऊ नका. दोन-तीन दिवस लक्ष ठेवा.

बारा आणे पायात असेल, कळ गुडघ्याच्या खाली उतरत असेल, सोबत मुंग्या किंवा बधिरपणा असेल, तर नस दुखावली असण्याची शक्यता मोठी. एल४-एल५ च्या चकतीपाशी सहसा एल५ ही नस सापडते, आणि तिची कळ पोटरीच्या बाहेरच्या बाजूने पावलाच्या वर, अंगठ्याकडे जाते. पोटरीच्या मागून तळव्यात आणि करंगळीकडे जाणारी कळ तिच्या खालच्या एस१ नसेची. तुमची कळ पोटरीच्या नक्की कुठल्या बाजूला आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि ते महत्त्वाचं आहे. उलट बारा आणे कंबरेत असेल आणि पायातली ओढ मांडीपाशीच थांबत असेल, तर नसेवर दाब असण्याची शक्यता कमी. मग दुखणं चकतीतून, मागच्या लहान सांध्यांतून, स्नायूंतून, कुठूनही येत असेल. नेमकी जागा बऱ्याचदा सापडत नाही, आणि न सापडताही माणूस बरा होतो.

घरीच एक तपासणी करा. अनवाणी टाचांवर दहा पावलं चाला, मग चवड्यांवर दहा. मग भिंतीला हात टेकून एकट्या डाव्या पायावर टाच दहा वेळा उचला, आणि उजव्याशी तुलना करा. टाचांवर चालताना डावं पाऊल खाली पडत असेल तर या उत्तराचं पुढचं वाचत बसू नका, मणक्याच्या डॉक्टरांना गाठा. जांघेत, बसायच्या जागी बधिरपणा आला, लघवी तुंबली किंवा कळेनाशी झाली, दोन्ही पायांतली ताकद जायला लागली, तर त्याच रात्री मोठं हॉस्पिटल. तिथे सकाळची वाट बघायची नसते.

आपल्याकडे मणक्याचा टीबी विसरून चालत नाही. संध्याकाळी कणकण, वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं असेल तर रक्ताची तपासणी आणि एमआरआय त्या नजरेने बघावा लागतो. दोन्ही तळव्यांना सारख्याच मुंग्या येत असतील तर आधी साखर आणि बी१२ तपासा. बल्जच्या नावाखाली मधुमेह लपलेले पेशंट मी कितीतरी पाहिलेत. दुखणं पंचेचाळिशीच्या आत सुरू झालेलं, सकाळी तासभर कंबर लाकडासारखी आणि हालचाल केल्यावर मोकळी, असं असेल तर संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवा. तो आजार वेगळा, त्याची औषधंही वेगळी.

यातलं काही नसेल, तर उपचारांकडे येऊ.

पट्टा. सहा महिने पट्टा हा सल्ला मला पटत नाही. लांबचा प्रवास, लग्नघरातलं दिवसभराचं उभं राहणं, अशा वेळी तासभर लावा. रोजचा पट्टा म्हणजे कंबरेला 'तू काम करू नकोस' असं सांगणं. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत पट्टे, ट्रॅक्शन, अल्ट्रासाउंडचा शेक आणि टेन्सचं (त्वचेवरून हलका करंट देणारं) मशीन हे नेहमीच्या उपचारात देऊ नये, असंच म्हटलंय. झोपून राहण्याचा निकाल तर १९८६ सालीच लागला होता: दोन दिवस झोपवलेले आणि सात दिवस झोपवलेले सारखेच बरे झाले, फक्त दोन दिवसवाल्यांचे कामाचे खाडे कमी पडले.

गोळ्या. सूज उतरवणाऱ्या वेदनाशामक गोळ्या भडका उडाल्यावर पाच-सात दिवस घ्यायला हरकत नाही. महिनोन् महिने नको, त्या जठर आणि किडनी दोन्हीला त्रास देतात, बीपीही वाढवतात. नसेच्या दुखण्यावरचं प्रीगाबालिन आपल्याकडे चिठ्ठी-चिठ्ठीवर असतं. पण २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात सायटिकाच्या, म्हणजे नस दुखावून पायात कळ जाणाऱ्या, २०९ पेशंटना ते किंवा तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी दिली, तेव्हा पायातली कळ दोन्ही गटांत सारखीच कमी झाली. चक्कर मात्र औषधवाल्यांना जास्त आली. तुम्हाला ते सुरू असेल आणि खरंच आराम पडत असेल तर राहू द्या. नसेल तर डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करत बंद करा, एकदम तोडू नका. आणि एक विनंती: 'आयुर्वेदिक' म्हणून मिळणाऱ्या बिनलेबलच्या पुड्या घेऊ नका. दोन दिवसांत जादूसारखा गुण येतो तेव्हा आत बहुतेक वेळा स्टिरॉइड असतं, आणि सहा महिन्यांनी चेहरा फुगून, साखर वाढून माणूस आमच्याकडे येतो. नीट शिकलेल्या वैद्यांकडची कटिबस्ती हा वेगळा विषय. तिने कंबर सैल होते, बरं वाटतं, माझी हरकत नाही. बल्ज मात्र तिने आत जात नाही.

व्यायाम. इथे मी जास्त वेळ थांबणार आहे, कारण तुमच्या पंधरा दिवसांच्या फिजिओथेरपीत हाच भाग झालेला दिसत नाही. मशीन लावून पालथं झोपवलं आणि बिल दिलं, याला मी फिजिओथेरपी धरत नाही.

मध्यंतरी कांद्याच्या मार्केटमधले एक हमाल आले होते. शर्टावरून पट्टा आवळलेला, डावीकडे झुकलेली चाल, कळ थेट पोटरीत. मी त्यांना टेबलावर पालथं झोपवलं, हात बाजूला, मान वळवलेली. पहिली दोन मिनिटं ते कुरकुरले. पाच मिनिटांनी कोपरांवर उठून राहायला सांगितलं. दहाव्या मिनिटाला म्हणाले, "डॉक्टर, पोटरी सुटली पण कंबर जास्तच धरली की हो!" त्यांचा चेहरा पडला होता, मी मात्र मनात खूश. कळ पायातून वर सरकत कंबरेत गोळा होणं ही आमच्या धंद्यातली फार चांगली खूण. कंबर त्या दिवशी थोडी जास्त दुखली तरी चालते. उलट दिशेने, म्हणजे कंबर हलकी होऊन पाऊल दुखायला लागलं, तर ती हालचाल तुमच्यासाठी नाही.

ही गोष्ट पहिल्यांदा लक्षात आली तीही अशीच अपघाताने. १९५६ साली न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनला रॉबिन मॅकेन्झी नावाच्या फिजिओथेरपिस्टचा एक पेशंट चुकून डोक्याकडची बाजू वर केलेल्या टेबलावर पालथा पडून राहिला. तेव्हाच्या समजुतीप्रमाणे ही कंबरेसाठी अगदी वाईट अवस्था. पाच मिनिटांनी मॅकेन्झी घाबरत आत आले, तर पेशंट म्हणतो, पायाला इतक्या दिवसांत एवढं बरं वाटलं नव्हतं. त्यातून एक पूर्ण पद्धत उभी राहिली.

तुम्ही हे असं करून बघा. सकाळी उठल्या उठल्या नको, तेव्हा चकती पाणी शोषून टम्म असते. तासाभराने पाच मिनिटं पालथे पडा. बरं वाटलं तर तीन मिनिटं कोपरांवर. तेही जमलं तर हात टेकून छाती वर, कंबर सैल, दहा वेळा. दिवसातून चार-पाचदा. दोन-तीन दिवसांत कळ वर सरकायला लागली तर चालू ठेवा, खाली उतरली तर थांबा आणि चांगल्या फिजिओथेरपिस्टला प्रत्यक्ष दाखवा. तुमच्या वडिलांना शिकवायला जाऊ नका. साठीनंतर मणक्याची नळी अरुंद झालेल्यांना मागे वाकणं त्रासाचं ठरतं, त्यांना पुढे वाकून बरं वाटतं.

सोबत चालणं. दहा मिनिटं, दोनदा. दर तीन दिवसांनी दोन-तीन मिनिटं वाढवा आणि अर्ध्या तासापर्यंत न्या, आठवड्यातून पाच दिवस. साधी वाटणारी ही गोष्ट २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियात ७०१ लोकांवर तपासली गेली. कंबरदुखीतून नुकतेच उठलेल्यांत, चालण्याचा कार्यक्रम पाळणाऱ्यांना पुढचं दुखणं साधारण २०८ दिवसांनी आलं, न पाळणाऱ्यांना ११२ दिवसांनी.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून ताकद. पाठीवर झोपून कुल्ले उचलणं, ओणवं होऊन एक हात आणि उलटा पाय लांब करणं, खुर्चीवरून हात न टेकता उठबस. मग अर्धी भरलेली बादली गुडघ्यात आणि खुब्यात वाकून उचलणं, मग भरलेली. दहापैकी तीन-चार इतकं दुखणं व्यायामात चालतं, दुसऱ्या सकाळपर्यंत ते उतरलं पाहिजे. नाही उतरलं तर आदल्या पायरीवर या. सोडून देऊ नका. बारा आठवडे दिल्याशिवाय 'व्यायामाने काही झालं नाही' असं म्हणणाऱ्याचं मी ऐकत नाही.

इंजेक्शन. मणक्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन हे पायातल्या कळेसाठी असतं. ते सी-आर्म या एक्स-रे मशीनच्या पडद्यावर बघून दुखऱ्या नसेच्या मुळापाशी देतात. गुण आला तर काही आठवडे, फार तर काही महिने टिकतो, आणि त्या मोकळ्या वेळात व्यायाम सुरू करता येतो, हाच त्याचा खरा उपयोग. एकदा देऊन काहीच फरक पडला नाही तर तिसरं-चौथं घेण्यात अर्थ नाही. मधुमेह असेल तर काही दिवस साखर चढते, आधी सांगा. नुसत्या कंबरदुखीला त्याचा उपयोग होत नाही. ओझोन, लेझर, 'विनाऑपरेशन गादी बसवा' वगैरे फलकांवर घरातलं सोनं गहाण टाकू नका, त्यांच्या मागे भक्कम पुरावा नाही.

आता ऑपरेशन. बारा आणे पायात, फिल्मवर डावी एल५ नस खरोखर दाबलेली, आणि कळही तिच्याच वाटेने जाणारी, असे तीन साक्षीपुरावे जुळले तर मायक्रोडिसेक्टमी, म्हणजे छोट्या छेदातून नसेवर आलेला गादीचा तुकडा काढणं, हे चांगलं ऑपरेशन आहे. २००७ मध्ये नेदरलँड्सच्या अभ्यासात सहा ते बारा आठवडे सायटिका असलेल्या २८३ जणांपैकी काहींचं लवकर ऑपरेशन केलं, बाकीच्यांना थांबवलं. ऑपरेशनवाले लवकर मोकळे झाले, पण वर्षाच्या शेवटी दोन्हीकडे ९५ टक्के लोक बरे होते, आणि थांबलेल्यांपैकी ३९ टक्के लोकांनाच पुढे ऑपरेशन लागलं. म्हणून पहिल्या दोन महिन्यांत मी कुणाला घाई करत नाही. पण तुमचे दहा महिने झालेत, आणि इथे चित्र बदलतं. चार ते बारा महिने कळ टिकलेल्या १२८ पेशंटचा कॅनडातला अभ्यास २०२० मध्ये आला. सहा महिन्यांनी पायातलं दुखणं दहापैकी ऑपरेशनवाल्यांत २.८, व्यायाम-इंजेक्शनवाल्यांत ५.२. तेव्हा कळ पायातच असेल आणि बारा आठवड्यांचा नीट व्यायाम, गरज पडली तर एक इंजेक्शन, यानेही हटली नाही, तर ऑपरेशनला घाबरून आणखी दोन वर्षं काढू नका. त्याच जागी परत गर बाहेर येण्याची शक्यता शंभरात पाच ते दहा, हेही माहीत असू द्या.

बारा आणे कंबरेत असेल तर मात्र बल्जसाठी ऑपरेशन नको. गादीचा तुकडा काढून कंबरदुखी जात नाही. मग पुढची पायरी म्हणून स्क्रू घालून मणके जोडायचं निघतं, आणि तिथून परत फिरता येत नाही. ज्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं त्यांना हे दोनच प्रश्न विचारा: डाव्या एल५ नसेवर दाब आहे का? आणि माझी कळ तिच्याशी जुळते का? 'डिफ्यूज बल्ज, थेकल सॅकवर दाब' एवढ्याच ओळीवर मी कुणाला टेबलावर घेत नाही.

मेव्हण्यांच्या माणसाबद्दल. आमच्या आजोळी उसण भरली की पायाळू माणसाला बोलावून कंबरेला पाय लावून घ्यायचे. उसण आठवड्यात आपोआप जाते, त्यामुळे पायाळूचं नाव कधी खाली आलं नाही. त्यात कुणाचं नुकसानही नव्हतं. पायातली कळ आणि बधिरपणा असताना कुणी कंबरेला झटका देऊन 'कट्' आवाज काढणं हे मात्र त्यातलं नाही. अशा झटक्यानंतर पाऊल पडलेले लोक मी पाहिलेत. मेव्हण्यांना माझं नाव सांगून नाही म्हणा.

दुकानात: एक पाय पाच-सहा इंचांच्या ठोकळ्यावर ठेवून उभं राहा आणि दर अर्ध्या तासाने पाय बदला. ५० किलोची गोणी सध्या पोरांनाच उचलू द्या. भरलेली बादली त्रास न होता दहा वेळा उचलली की पुढचं बोलू. खाली बसून जेवायला हरकत नाही, मांडी दुखायला लागली की खुर्ची. रात्री कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी. दुचाकीवर गतिरोधक आला की पायांवर जरा उठा. आणि पाकीट मागच्या डाव्या खिशात असेल तर काढून पुढे ठेवा, दिवसभर त्यावर बसल्याने तो कुल्ला आणखी कुरकुरतो.